निळ्या चादरीखालचा पाय

अकरा वर्षं शाळेची बस चालवली, पण हळूमावशीच्या गाडीला कधी साधा ओरखडा पडला नाही, आणि या गोष्टीचा तिला भारी तोरा होता. पोरं चढायला लागली की ती सीटवरूनच ओरडायची, "हळू! हळू! बस काही पळून जात नाही." उतरतानाही तेच. तिचं हे नाव पोरांनीच ठेवलं, मग ते आयांनी उचललं, मग मॅनेजरने, आणि एकदा तर हजेरीच्या कागदावरही तेच छापून आलं. बेचाळीस पोरं होती तिच्या बसमध्ये. त्यांतल्या कुणाला वळणावर मळमळतं, कोण कुणाचा डबा पळवतो, कुणाची आई स्टॉपवर कायम उशिरा येते, सगळं तिला तोंडपाठ होतं.

मग एका सकाळी बसखाली अडकलेलं कुणाचं तरी दप्तर काढायला ती वाकली आणि कमरेत कट्‌कन आवाज झाला. मणक्यातली गादी सरकली, नस चेपली गेली, ऑपरेशन झालं. कमरेचं दुखणं थांबलं, पण उजवं पाऊल गेलं. गेलं म्हणजे होतं जागच्या जागी, पाचही बोटांसकट. पण कुणी दुसऱ्याचं आणून बसवल्यासारखं. उचल म्हटलं तर उचलायचं नाही. चालताना चप्पल मागेच राहायची आणि हिला ते चार पावलांनंतर, खाली बघितल्यावर कळायचं. नवऱ्याने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तो हसला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

चार महिने ती फिजिओथेरपीला जात होती. थेरपिस्ट वयाने तिच्या भाचीएवढी, बोलायला गोड, पण कामाला महाकडक. पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा, रबराच्या पट्ट्याशी झटापट करायची, मऊ गादीवर एका पायावर उभं राहायचं. हळूमावशी सगळं करायची. शेजारच्या पलंगावर खांदा धरून बसलेला एक म्हातारा गवंडी तिला म्हणायचा, "ताई, एवढी मेहनत मी तीन मजली घर बांधताना केली नाही." ती हसायची, पण मनातल्या मनात दिवस मोजत असायची. मॅनेजरने तोंडावर सांगितलं होतं, "चार महिने बदलीचा ड्रायव्हर ठेवतो. त्यापुढे मला कायमचा माणूस घ्यावा लागेल, ताई. माझाही नाइलाज आहे." आणि बस नाही तर आपण कोण?

ताकद परत आली. तिसऱ्या महिन्यात पाऊल उचललं जाऊ लागलं, चप्पल पायात राहू लागली. मग थेरपिस्टने संवेदनेचा पिच्छा पुरवला. डोळे मिटायला लावायची, अंगठा चिमटीत धरून हलवायची आणि विचारायची, "वर की खाली?" सुरुवातीला दहापैकी चार-पाच उत्तरं बरोबर यायची. पुढे सात यायला लागली. थेरपिस्ट खूश झाली, हळूमावशी तर पेढा मिळाल्यासारखी खूश झाली. नाणं उडवून सांगितलं तरी दहापैकी पाच बरोबर येतात, हे त्या आनंदात दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

शेवटची परीक्षा होती फळीची. थेरपिस्टने सुताराकडून मुद्दाम एक फळी करून घेतली होती. तिच्यावर बसमधल्यासारखे तीन पेडल: क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. दाबलं की प्रत्येकाचा वेगळा दिवा लागायचा. गुडघ्यांच्या वर एक आडवी दांडी आणि तिच्यावरून सोडलेली निळी चादर, म्हणजे पाय दिसू नयेत. "ड्रायव्हर पायांकडे बघत नाही, रस्त्याकडे बघतो," थेरपिस्ट म्हणाली. "तुमच्या पायाला न बघता जागा सापडली पाहिजे." ती डाव्या बाजूला घड्याळ घेऊन उभी राहायची आणि अचानक ओरडायची, "ब्रेक! ... ॲक्सिलरेटर! ... ब्रेक!"

पहिल्या दिवशी हळूमावशी खुर्चीची कड घट्ट धरून बसली. चादरीखाली आपला पाय काय करतोय कोण जाणे, असं तिला वाटत होतं. पण दिवे बरोबर लागले. दुसऱ्या दिवशीही लागले. आठवड्याच्या शेवटी विसातले वीस. थेरपिस्टने टाळी वाजवली आणि म्हणाली, "आणि एक गंमत सांगू? इतके महिने झाले, तरी तुमचे डोळे दर दोन सेकंदांनी उजवीकडच्या आरशाकडे जातात. इथे आरसा नाही, तरी जातात. हाडाच्या ड्रायव्हर आहात तुम्ही." हळूमावशी लाजली. शुक्रवारी सही-शिक्क्याचा कागद हातात पडला: वाहन चालवण्यास योग्य. सोमवारपासून बस.

शनिवारी सकाळी मॅनेजरने तिला डेपोच्या आवारात बोलावलं. "रिकाम्या गाडीवर दोन चकरा मारा, हात बसू दे," असं म्हणाला आणि स्वतः पाण्याच्या टाकीपाशी भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बस तीच होती. सीटच्या कापडावरचा चट्टाही तोच. हळूमावशीने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि तिला भरून आलं.

पहिली चक्कर छान झाली. दुसऱ्या चकरेला मॅनेजरने हात वर केला, म्हणजे टाकीपाशी थांबवा. वेग माणसाच्या चालीएवढाच होता. सवयीप्रमाणे तिची नजर उजव्या आरशात गेली. आरशात आवार दिसलं, गाड्या धुण्याचा पाइप दिसला, वाळत घातलेलं एक फडकं दिसलं. तिने ब्रेक दाबला.

बस गुरगुरली आणि पुढे झेपावली.

तिने आणखी जोरात दाबलं. मॅनेजरचा चेहरा काचेत मोठा मोठा होत गेला, त्याचं तोंड उघडं होतं. हळूमावशीला वाटत होतं, मी ब्रेकवर आहे, मी ब्रेकवरच आहे, ही गाडी का थांबत नाही! शेवटी पायाने नाही, हाताने जीव वाचवला. तिने हँडब्रेक सगळ्या ताकदीने ओढला, बस थडथडत बंद पडली. मॅनेजर टाकीला चिकटून उभा होता. बंपर आणि त्याचं पोट यांच्यात फार तर दोन हातांचं अंतर राहिलं होतं.

हळूमावशीने खाली बघितलं. तिचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता.

मॅनेजरने कपाळ पुसलं आणि मोठ्याने हसला, घाबरलेली माणसं हसतात तसा. "बदलीवाल्याने गाडीची पार वाट लावून ठेवलीये! पेडल अडकतंय बहुतेक. आजच मेकॅनिकला दाखवतो. तुम्ही काळजी करू नका ताई, सोमवारपर्यंत टकाटक करून देतो." हळूमावशीने मान डोलावली. बिचाऱ्या गाडीवर आळ आला होता आणि तिने तो येऊ दिला होता.

घरी आली तेव्हा नवरा दुकानात जायच्या तयारीत होता. तो बुटांच्या दुकानात विक्रेता. दिवसभर लोकांचे पाय मांडीवर घेऊन बसायचं, हेच त्याचं काम. टेबलावर एक खोकं होतं. "उघड तरी," तो म्हणाला. आत पातळ तळव्याचे काळे बूट होते, खास गाडी चालवायचे. "सोमवारसाठी. माप विचारलं नाही, मला पाठ आहे."

तिने बूट हातात घेतले आणि खुर्चीवर बसली. चार महिन्यांची मेहनत, फळीवर विसातले वीस, आणि आज पहिल्याच घासाला खडा? फळीवर जमतं ते गाडीत का जमत नाही? तिने नवे बूट जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले, डावा म्हणजे ब्रेक, उजवा म्हणजे ॲक्सिलरेटर. टेबलावरचं कापड ओढून गुडघ्यांवर घेतलं.

"हे काय चाललंय?" नवरा म्हणाला.

"तू फक्त ओरड. ब्रेक म्हण, नाही तर ॲक्सिलरेटर म्हण. कसंही."

त्याने ओरडायला सुरुवात केली. पाय बरोबर जात होता. दर वेळी बरोबर. तिचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात तिला कळलं की आपण उजवीकडे बघतोय. उजवीकडे वॉशिंग मशीन होतं. त्याच्या गोल काचेच्या दारात खुर्चीचे पाय दिसत होते, कापडाची कड दिसत होती, आणि तिचं पाऊल दिसत होतं.

फिजिओथेरपीच्या खोलीत उजवीकडे काय आहे? काचेचं कपाट. शेकायच्या पिशव्या आणि पट्ट्या ठेवायचं. निळी चादर समोरून सगळं झाकायची, पण बाजूने उघडीच होती. अकरा वर्षं जे डोळे दर दोन सेकंदांनी आरसा शोधत होते, त्यांनी पहिल्याच दिवशी आरसा शोधून काढला होता. तिला पत्ताही लागू न देता. पायाला काही कळत नव्हतंच. डोळे त्याला हाताला धरून नेत होते. आणि गाडीच्या आरशात पाय दिसत नाहीत, रस्ता दिसतो.

"आता मी डोळे मिटते," ती म्हणाली. "पुन्हा ओरड."

"ब्रेक," नवरा म्हणाला, आणि खाली बघत राहिला. तिने डोळे उघडले. पाऊल दोन्ही बुटांच्या पलीकडे, नुसत्या फरशीवर टेकलं होतं.

मग तिने त्याला डेपोतलं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याचा चेहरा उतरला, तरी म्हणाला, "हे बघ, आत्ता कुणाला कळलंय? तुला आणि मला. कागद तुझ्या हातात आहे. थोडे दिवस जपून चालव, सवयीने येईल. तू हळूच चालवतेस."

"तो मॅनेजर आज माझ्या हातून गेला असता."

"गेला नाही ना!"

"बेचाळीस पोरं आहेत रे माझ्या मागे."

तो खाली बसला, रोज गिऱ्हाइकाचा घेतो तसा तिचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाला, "डोळे मीट. कुठलं बोट धरलंय सांग."

"अंगठा."

त्याने करंगळी धरली होती. तिने डोळे उघडून ते बघितलं, त्यानेही तिच्याकडे बघितलं. मग त्याने तिला नवे बूट घातले, नाड्या बांधल्या आणि उठला. "चल. दोनपर्यंत उघडं असतं ना त्यांचं? मीही येतो."

थेरपिस्ट टॉवेलांच्या घड्या घालत होती. हळूमावशीला बघून तिचा चेहरा फुलला. "अहो, तुम्ही? आता इथे काय काम तुमचं?"

"मॅडम, त्या कपाटावर चादर टाका," हळूमावशी म्हणाली. "आणि फळी काढा."

थेरपिस्टला पहिल्यांदा काहीच उमगलं नाही. मग ती खुर्चीपाशी आली, वाकली आणि हळूमावशीच्या डोळ्यांच्या उंचीवरून तिने उजवीकडे बघितलं. तशीच वाकलेली राहिली. नंतर तिने कपाटावर चादर टाकली, कोपरे नीट खोचले आणि घड्याळ हातात घेतलं.

"ब्रेक," ती हळूच म्हणाली.

विसातले अकरा आले. प्रत्येक चुकीच्या दिव्याला म्हातारा गवंडी पलंगावरून "अरेरे" करत होता. हळूमावशीला लहानपणीही परीक्षेची अशी भीती वाटली नव्हती. सगळ्यांत भयंकर गोष्ट ही, की चुकताना तिला चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. चुकीचा दिवा लागायचा आणि तिची खात्री असायची, मी ब्रेकवर आहे.

थेरपिस्ट स्टुलावर बसली. "मी कौतुक करत होते," ती म्हणाली. "आरसा बघायची सवय छान आहे म्हणून. मी सही केली त्या कागदावर. मी तुम्हाला सोमवारी पाठवलं असतं."

"आणि मी गेले असते."

मग हळूमावशीने पर्समधून कागद काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तो ठेवताना बोटं सुटता सुटेनात.

"येईल का हे परत?" तिने विचारलं. "खरं सांगा."

"ताकद परत आली, म्हणजे नस जिवंत आहे. पण जाणीव येईलच असं मी सांगू शकत नाही. काहींची वर्षाने येते. काहींची येत नाही." थेरपिस्टने नाक पुसलं. "सोमवारी दुपारी या. पहिल्यापासून सुरू करू. डोळ्यांवर पट्टी बांधून."

मॅनेजरला फोन तिने तिथूनच लावला. "मेकॅनिकला परत पाठवा," ती म्हणाली. "गाडी चांगली आहे. पाय माझा वाईट आहे." बहुधा त्याला ती टाकी आणि तो बंपर पुन्हा आठवत असावा. मग त्याने घसा खाकरला. कायमचा ड्रायव्हर घ्यावाच लागेल म्हणाला. आणि थोडं थांबून म्हणाला, पोरांना चढवायला-उतरवायला एक बाई हवीच होती, तुम्हाला चालत असेल तर बघा.

चालत नव्हतं. पण सोमवारी सकाळी ती गेली.

नवा ड्रायव्हर अबोल माणूस होता. त्याने तिला नमस्कार केला आणि मुकाट्याने तिच्या सीटवर बसला, त्या चट्ट्यावर. हळूमावशी त्याच्या शेजारच्या बाजूला, पहिल्या बाकावर बसली. पोरांना वाटलं, मावशी आली म्हणजे सगळं ठीक झालं. ती दारात उभी राहून "हळू, हळू" म्हणत होती आणि पोरं मुद्दाम धावत चढत होती. पहिलीतली एक चिमुरडी तिच्या शेजारी येऊन बसली. दप्तराचा कप्पा फाटल्यामुळे तिची पाण्याची बाटली सारखी घरंगळत होती.

"मावशी, तू धर ना!"

हळूमावशीने बाटली खाली ठेवली, आपल्या पावलाच्या उजव्या अंगाला, बाकासमोरच्या लोखंडी कडेला टेकवून. पाऊल समोर सरळ ठेवलं. नीट बघून ठेवलं.

गाडी बाजाराच्या कोपऱ्यावरून वळली. शेजारी बसलेल्या ड्रायव्हरला दुसऱ्याचं चालवणं कधी पटत नाही. तिच्या मनात गिअर पडत होते, क्लच दाबले जात होते. आणि तेवढ्यात दोन घरांच्या मधल्या बोळातून एक सायकल सुसाट बाहेर आली. तिच्यावर आठ-नऊ वर्षांचं पोर होतं. त्याने बसकडे बघितलंसुद्धा नाही.

"ब्रेक!" हळूमावशी किंचाळली आणि तिने आपला पाय होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला, समोर, सरळ, बरोब्बर मनातल्या ब्रेकवर.

नव्या ड्रायव्हरनेही दाबला. टायर कर्कश ओरडले, पोरं पुढच्या बाकांवर आदळली, कुणीतरी रडायला लागलं. बस थांबली. सायकल आडवी पडली होती आणि पोर तिच्या बाजूला उभं होतं. धडधाकट. एका गुडघ्याला खरचटलं होतं, तेवढंच. ते बसच्या जाळीकडे बघत होतं, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावरून.

जमलं, असं हळूमावशीच्या मनात आलं. माझा पाय बरोबर गेला. न बघता गेला. मलाही जमलं असतं.

"मावशी! माझी बाटली!"

तिने खाली बघितलं. चिमुरडीची बाटली चपटी झाली होती. झाकण उडून गेलं होतं, पाणी बाकाखाली पसरत होतं, आणि त्या चपट्या बाटलीवर, उजव्या अंगाला, तिचा नवा काळा बूट अजून रेटून दाबलेला होता.

"तुला कळलं नाही?" पोरीने विचारलं.

"नाही गं," हळूमावशी म्हणाली. "अजून कळत नाही."

तिने दोन्ही हातांनी आपला गुडघा धरून पाय उचलला आणि बाजूला ठेवला. मागे एक्केचाळीस पोरं एकदम बोलत होती, आणि ती त्यांतला एकेक आवाज ओळखत होती. समोर त्या पोराने सायकल उभी केली, मागे वळून बसकडे एकदा बघितलं आणि पुन्हा टांग मारली. त्याला "हळू" म्हणून सांगायला हळूमावशीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, पण तिचा आवाजच फुटला नाही.